घाबरण्याचा तास

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस तापीच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही, आणि सातपुड्यात शोधायला गेलात तर तिथेही सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोरीटला घर, थोडी बागायत आणि जवळच्याच शाळेत विज्ञानाचे शिक्षक. अंगानं धिप्पाड, मिशा भरघोस, आवाज असा की मधल्या सुट्टीला शिपायानं घंटा वाजवायची गरज पडू नये. देवानं एवढा सगळा ऐवज दिला आणि आत काळीज मात्र चिमणीचं ठेवलं. नंदुरबारला आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी ते स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघतात. एसटीत ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरतात, कारण त्याला डुलकी लागली तर गाडीत कोणीतरी जागं असायला हवं. एकदा विसरवाडीहून येताना त्यांनी ड्रायव्हरला पोरांची शाळा, बायकोचं माहेर, गुडघेदुखी असं काय काय विचारून इतकं जागं ठेवलं की स्टँडवर उतरल्यावर त्या बिचाऱ्यानं हात जोडले, "गुरुजी, परतीना टाइमले दुसरी गाडी धरज्यात."

हिवाळ्यात आमच्या शहराबाहेर वाळायला घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पडतात. नजर पोचेल तिथवर लाल रान. बाहेरगावचे लोक थांबून फोटो काढतात. साडू तिथे मोटारसायकलवरून उतरतात, नाकाला रुमाल बांधतात आणि गाडी ढकलत नेतात. मी विचारलं, तर म्हणाले, "शिंक आली, डोळे मिटले आणि नेमका समोरून ट्रक आला तर?" या माणसाला उत्तर देता येत नाही, ही त्यांच्या भीतीतली खरी अडचण आहे. प्रत्येक भीतीला त्यांच्याकडे शास्त्रीय कारण असतं. शाळेत ते अगदी पुस्तकी मराठी बोलतात, पण भीती चढायला लागली की ती भाषा गावच्या बोलीवर उतरायला लागते. "मला किंचित अस्वस्थ वाटत आहे" इथपासून "भाऊ, माले भेव वाटस" इथवर यायला त्यांना भिंतीवरची एक पाल पुरते.

अशा माणसाच्या गळ्यात अनुदान पडलं. नंदुरबारच्या एका जुन्या घराण्याचा छोटासा न्यास आहे. जिल्ह्यातल्याच शाळांना, पोरांनी वर्गाबाहेर पडून नदी, झाडं, पाखरं शिकावीत म्हणून तो दरवर्षी थोडं अनुदान देतो. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत विचारलं, "कोण घेतंय ही जबाबदारी?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपण मान खाली घातलेली मुख्याध्यापकांना आवडायची नाही या भीतीनं साडूंनी वर बघितलं. तेवढ्यावर त्यांचं नाव पक्कं झालं. न्यासानं भेटीला बोलावलं तेव्हा ते मला बरोबर घेऊन गेले, "तुम्ही फक्त शेजारी बसा" म्हणून. न्यासाचा कारभार बघणाऱ्या बाई सत्तरीच्या, करड्या नजरेच्या. त्यांनी विचारलं, "या उपक्रमातून मुलांनी काय शिकावं, असं तुम्हाला वाटतं?" साडूंनी निसर्गप्रेमावर अख्खं भाषण पाठ केलं होतं. ते सगळं त्या नजरेत विरघळलं.

"घाबरायला," साडू म्हणाले.

मी चपलांकडे बघत बसलो.

"बाई, आमची पोरं पुरात उड्या मारतात. साप दिसला की शेपटीला धरून गरगर फिरवतात. विजेच्या तारांखाली पतंग उडवतात. प्रेम बिम नंतर बघू. आधी नीट घाबरायला शिकली पाहिजेत."

बाई आधी गालात हसल्या, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, आणि अनुदान मंजूर झालं. साडूंची झोप त्या दिवसापासून उडाली. आता परक्याच्या पैशाची भीती! अनुदानातून दुर्बिणी आल्या, त्या त्यांनी दुलईत गुंडाळून घरच्या कपाटात ठेवल्या. कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोऱ्याला बांधली. माझी मेहुणी वैतागून म्हणाली, "मन्हा लगीनना शालू बी यास्नी इतला जपा नही."

पण तास सुरू झाला, आणि बघता बघता पोरांना तो इतका आवडायला लागला की त्यांनी त्याचं नाव ठेवलं, भेवना तास. त्यात साडू पुस्तक उघडत नसत. पोरांना नदीकाठी उभं करून विचारायचे, "या पाण्यात खड्डा कुठे असेल? कशावरून?" कोणत्या पानानं अंगाला खाज सुटते, मधमाश्या उठल्या तर काय करायचं, पाखरं एकदम गप्प झाली तर काय समजायचं. उसात बिबट्या आल्याची कुणकुण लागली तेव्हापासून त्यांनी एक नवीन कवायत बसवली. वनखात्याच्या लोकांना नीट विचारून आले आणि पोरांकडून घोकून घेतलं. पळायचं नाही. वाकायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही. एकत्र यायचं, मोठं दिसायचं, मोठा आवाज करायचा, तोंड तिकडेच ठेवून मागे मागे सरकायचं. ते "गठ्ठा!" असं ओरडले की शाळेच्या मैदानात पांगलेली पोरं भराभर चालत येऊन एकमेकांना चिकटायची आणि हात वर करून बोंब ठोकायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

त्या हिवाळ्यात नदीवर बदकं बघायची सहल ठरली. गावातली दोन-तीन कुत्री नाहीशी झाली होती आणि साडूंच्या मनातून सहल रद्द करायची होती. पण अनुदान घेऊन सहल नेली नाही तर बाई काय म्हणतील, ही भीती बिबट्याच्या भीतीहून मोठी निघाली. सोबत एक जबाबदार मोठा माणूस असावा अशी न्यासाची अट. साडूंनी माझं नाव दिलं. सकाळी ऊन चढल्यावर निघालो. जाताना उसाची वाट टाळून मोकळ्या हरभऱ्याच्या कडेनं गेलो. बदकं दिसली, पोरांनी दुर्बिणी फिरवून घेतल्या, साडूंनी प्रत्येक दुर्बीण परत हातात आल्यावर पुसून ठेवली. सगळं झकास. परत फिरलो तर कोणीतरी मोटार सुरू करून शेताला पाणी दिलेलं, हरभऱ्याची वाट चिखलात बुडालेली. राहिली ती एकच, दोन्हीकडे ऊस उभा असलेली पाणंद.

नदीपासून एक पिवळा कुत्रा बिस्किटांच्या आशेनं आमच्या पुढे चालत होता. पाणंदीच्या मध्यावर तो थांबला. भुंकला नाही. शेपूट पोटाखाली घेऊन मागे वळला आणि आमच्या पायांमधून नदीकडे निघून गेला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. साडू जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरताना मला दिसला, आणि हवा तर थंड होती.

"गठ्ठा," ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले.

पोरं हसत हसत एकत्र आली. त्यांना वाटलं, सरांचा खेळ. एक मुलगी मात्र मागे राहिली होती. सँडलचा पट्टा तुटला म्हणून ती वाटेच्या कडेला उकिडवी बसून तो बांधत होती. वारा नव्हता. सगळा ऊस चित्रातल्यासारखा गप्प होता, आणि तिच्या पाठीमागे एकाच ठिकाणची पाती हलत होती. मग हलायची थांबली. मला आधी एक कान दिसला. मग वाळलेल्या पानांचाच रंग वाटावा असा चेहरा. तो तिच्याकडे बघत होता, आमच्याकडे नाही. मी होतो तिथेच उभा राहिलो.

आणि मग मी बघितलं की साडू चालायला लागले आहेत. पुढे, तिच्याकडे. पळत नव्हते. हातात ऊन लागू नये म्हणून आणलेली छत्री होती, एक चप्पल वाटेतच सुटली, मग दुसरी. मुलीपाशी पोचायच्या आत त्यांनी छत्री फट्‌दिशी उघडली आणि डोक्यावर उंच धरली.

"माय, उभी ऱ्हाय," ते म्हणाले. "मन्हाकडे दख. मांगे दखू नको."

ती उभी राहिली. त्यांनी तिला हातानं आपल्यामागे घेतलं आणि छत्री तिच्यावरून पुढे, त्या चेहऱ्यासमोर आणली. उसातून एक आवाज आला. लाकडावर करवत ओढावी तसा, खालच्या पट्टीतला. आजही सुताराच्या दुकानावरून जाताना माझी मूठ खिशात घट्ट आवळते. आता कवायतीप्रमाणे साडूंनी बोंब ठोकायची, की मागून पोरांनी. साडूंनी तोंड उघडलं. आवाज निघेना. सबंध शाळेला ऐकू जाणारा तो गळा नुसता उघडझाप करत राहिला. पोरांना आता कळलं होतं. एक जण रडायला लागला. तेवढ्यात साडूंच्या पाठीला चिकटलेली ती मुलगीच किंचाळली, "बे एके बे!"

काय सुचलं तिला कोण जाणे. पण पुढचं सगळ्यांना येत होतं. "बे दुणे चार!" अख्खा गठ्ठा हात वर करून पाढे ओरडायला लागला. मीही ओरडलो, चुकीचे ओरडलो. त्या आवाजावर आम्ही मागे मागे सरकत निघालो. चेहरा उसात नाहीसा झाला, आणि ते चेहरा दिसण्यापेक्षा वाईट होतं. कारण आता आमच्या बरोबरीनं उसाच्या आत पाती हलत होती. आम्ही सरकलो की हलायची, थांबलो की थांबायची. पाणंद संपून पाण्याच्या मोटारीची खोली आली तिथवर असं चाललं. खोलीत कोंबून दार लावलं तेव्हा साडू दाराला पाठ लावून उभे राहिले आणि पोरं मोजायला लागले. मोजून झाली की पुन्हा मोजत. मी फोन केला, गावातून माणसं ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत त्या अंधाऱ्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. मोकळ्या उन्हात आल्यावर साडू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसले. तळपायांत उसाच्या खुंटांनी जखमा झाल्या होत्या. त्यांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "भाऊ, मन्ह्या चपला कोठे गयात?"

वनखात्यानं पिंजरा लावला. शाळेत पालकांची सभा भरली, न्यासाच्या बाई मुद्दाम आल्या. गाव संतापलेलं होतं. त्या मुलीचे आजोबा, पागोटेवाले जुने शेतकरी, उठून म्हणाले, "मास्तर, तुमना उपकार शेतस. पन हाई सहल बिहल आते बंद करा." बाईंनीही हलकेच सांगितलं, की तुम्ही नको म्हणालात तर न्यास समजून घेईल. मला वाटलं, सुटले. इतके महिने हा माणूस देवाला हेच मागत होता. साडू उभे राहिले. सभेचीही त्यांना भीती वाटते, त्यामुळे समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"बाबा, ऊस तर आठेच ऱ्हाई," ते म्हणाले. "पोरे बी आठेच ऱ्हातीन. उद्या सकाळे तुमनी नात वावरमा डबा लई जाई, तवय मी काही तठे नही ऱ्हावाव. भेव वाटू द्या. माले बी वाटस. पन त्या टाइमले काय करानं, हाई पोरेस्ले माहीत पाहिजे."

आजोबांनी कोपऱ्यात बसलेल्या नातीकडे बघितलं, ती सँडलच्या नव्या पट्ट्याशी चाळा करत होती. मग ते खाली बसले. तास चालू राहिला. पुढच्या वर्षी खापरकडच्या शाळांनीही तसलंच अनुदान मागितलं आणि साडूंना तिकडे शिक्षकांना शिकवायला बोलावलं. बिबट्याच्या तोंडावर छत्री उघडणारा हा माणूस तिथल्या शाळेत जिन्याच्या कठड्याला धरून धरून वर चढला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यंदा त्यांची बदली झाली, वर डोंगरात, धडगावच्या बाजूला. कोरीटचं घर आता सुट्टीतच उघडतं. आमच्याकडे गॅसचं बटण बघायला कोणी येत नाही, आणि बायको म्हणते की घर कसं बेवारशी वाटतं. रविवारी त्यांचा फोन येतो, रेंज असलेल्या टेकाडावर चढून करतात, त्यामुळे निम्मा फोन धापा टाकण्यात जातो. तिथली पोरं पावरी बोलतात, यांना ती येत नाही. ती झाडाच्या शेंड्यावर जातात, यांना खालून चक्कर येते. शाळेच्या वाटेवर ओढा आहे, पूल नाही. मी विचारलं, मग तुम्ही ओलांडता कसा?

"दोन बारकी पोरं रोज थांबतात माझ्यासाठी," साडू म्हणाले. "एक इकडून हात धरतो, एक तिकडून. पाण्यात उतरताना काहीतरी सांगत असतात मला, सारखं सांगत असतात. काय ते अजून समजत नाही, भाऊ. पण मी उतरतो."