कमिटीतली आई आणि कोंडवाड्यातल्या शेळ्या

आमचा लातूर जिल्हा तेव्हा अजून नवाच म्हणायचा, आणि नव्या जिल्ह्याला कमिट्यांची भारी हौस. अहमदपूरच्या बाजूच्या आमच्या गावाला वनसमिती मिळाली ती ऐन दुष्काळात. मागचा बोडका डोंगर गावानंच राखून हिरवा करायचा होता. मी बी.ए. होऊन घरी बसलेलो, अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘चराईबंदी, कुऱ्हाडबंदी’ अशी पाटी मीच रंगवली आणि दोन दिवस तिच्याकडे वळून वळून पाहिलं.

मग रोपांना कुंपण हवं म्हणून आम्ही सगळे कुऱ्हाडी घेऊन डोंगरावर गेलो. दुष्काळातही तग धरलेल्या बोरी-बाभळी सपासप तोडल्या आणि त्यांच्या काट्यांचं कुंपण घातलं. आत निलगिरीची रोपं. एवढ्या माणसांत एकालाही हसू आलं नाही, मला धरून.

समितीत बाया हव्यात, असं वरून आलं होतं. त्यांना बैठकीला बोलवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मी घरी जाऊन चराईबंदीच्या ठरावावर सदस्य म्हणून आईचा अंगठा घेतला.

"कशाचा रं?"

"सरकारी हाय."

घर तिच्या चार शेळ्यांवर चालायचं, आणि शेळ्या त्या डोंगरावर.

आठवड्याभरात शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. आई मला घेऊन सोडवायला गेली तेव्हा समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या शाळेचे गुरुजी, त्यांनी तिला ठराव वाचून दाखवला.

"खालचा अंगठा तुमचाच हाय न्हवं, मावशी?"

"हाव," आई म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

शेळ्या सुटल्या, पण चरायच्या कुठं? बाजारादिवशी तिनं चारही अहमदपूरला विकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बैठकीला ती न बोलवता आली आणि सतरंजीवर मधोमध बसली. "अंगठा माजा हाय तर बोलणार बी मीच. बोरी-बाभळीची बुडखं खणू नका, फुटतील. आन् बायांना इळ्यानं गवत कापून न्यू द्या." निलगिरीच्या तोवर काड्या झाल्या होत्या, त्यामुळे गुरुजींनी मला तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

दोन पावसाळ्यांत बुडखे फुटले, मांडीइतकं गवत आलं. पाहणीचे साहेब खूश झाले, गुरुजींनी छाती काढली. साहेबांनी आईला विचारलं, "आता शेळ्यांना चारा भरपूर असेल, नाही का?"

"चारा लई हाय," आई म्हणाली. "शेळ्या न्हाईत."

मी दोन्ही वाक्यं रजिस्टरात लिहिली. दुसरं खोडायला गुरुजींनी सांगितलं, आणि मी खोडलं.