कानबाईसाठी घेतलेला टीव्ही

जुना टीव्ही आषाढात बिघडला. डाव्या बाजूला उभी काळी पट्टी आली, ती रुंद होत गेली आणि बातम्या देणाऱ्या बाईचा एकच कान दिसू लागला. आम्ही तसाच चालवला. नवा घ्यायचं ठरलं ते आईमुळे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. श्रावणात खानदेशातल्या आमच्या गावी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ लावून, लुगडं नेसवून रविवारी देवी मांडतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. देवीचा पाट डोक्यावर घेण्याचा मान आमच्या घरी थोरल्या सुनेचा, म्हणजे आईचा. लग्नापासून तिनं तो एकदाही चुकवला नव्हता. त्या दिवसांत सुरतेतली आमची गल्ली ओस पडते. यंत्रमागावरची माणसं गाड्या भरून गावी जातात. यंदा डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली आणि पाट काकूकडे गेला. आईनं एकच मागणं केलं: जाताना देवी मला दिसली पाहिजे. फोनवर नको. फोनवर ती बोटाएवढी दिसते. बोटाएवढ्या देवीला निरोप कसा द्यायचा?

शनिवारी वडील आणि मी पर्वत पाटियाजवळच्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकाच वेळी एकच पोपट उडत होता.

"काका, कलर देखो, एकदम असली," विक्रेता म्हणाला.

"पोपट राहू दे, भाई. फोन का दिखता है क्या इसमें?"

विक्रेत्यानं स्वतःचा फोन टीव्हीला जोडला आणि कॅमेरा वडिलांवर धरला. ते भिंतीवर आले, खऱ्यापेक्षा मोठे. वडिलांनी आधी कॉलर सारखी केली. मग पडद्याजवळ जाऊन ते बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"मना कानमा इतला केस शेतस?"

"हां काका, सब एकदम क्लियर," विक्रेता म्हणाला. त्याला अहिराणी कळत नव्हती.

तोच टीव्ही घेतला. खोकं संध्याकाळी टेम्पोतून आलं. भिंतीवर बसवणारा माणूस मंगळवारी येणार होता, म्हणून टीव्ही टेबलावरच ठेवायचं ठरलं. त्याचे दोन पाय वडिलांनी आणि मी जोडले. एक उलटा बसला, तो काढून पुन्हा लावला. रविवारी फोन जोडून पाहिला. सगळं झाल्यावर आई पलंगावरून म्हणाली, "माझे पाय कुठे आलेत ते बघा."

पाय सरळ टीव्हीकडे होते. उद्या तिथे देवी येणार होती.

पलंग फिरवला. उशी टीव्हीकडे केली तर तिला दिसेना. शेवटी पलंग आडवा लावला. गुडघ्यांमध्ये उशी घेऊन तिला चांगल्या कुशीवर वळवलं आणि कपाट दारापर्यंत सरकवलं. दार अर्धंच उघडू लागलं. चपला जिन्यात गेल्या.

सोमवारी सकाळी चुलतभावाचा फोन आला. मी तो टीव्हीवर घेतला. मधोमध एक अरुंद पट्टा उजळला, दोन्ही बाजूंना काळं. पट्ट्यात काकूचा अर्धा खांदा.

"इतला मोठा टीव्ही लिना," आई म्हणाली, "आनी देवी फटीमधून दखाडतस!"

"भाऊ, फोन आडवा धर," मी ओरडलो. वाजंत्री चालू होती. त्याला ऐकू जाईपर्यंत वडीलही ओरडले, मग देवी बघायला आलेली शेजारची मावशी ओरडली.

फोन आडवा झाला.

पडदा काठोकाठ भरला. काकू समोरून येत होती. तिच्या डोक्यावर पाट, पाटावर कानबाई. हिरवं लुगडं, हळदीनं पिवळा झालेला चेहरा, गजऱ्याची झालर. प्रत्येक पावलाला नथ हलत होती. बायका दोन्ही बाजूंनी फुगड्या घालत होत्या. मावशीनं हात जोडले.

सुरुवातीला आई काकूला सूचना देत होती. "मान ताठ धर वं. पाय दखीसन टाक." काकूपर्यंत यातलं काही पोचत नव्हतं. काकूची नजर खाली, रस्त्यावर होती. पाट घेणारीला वर बघता येत नाही. तिला दिसतात ते खड्डे, दगड आणि पुढच्या बायकांच्या टाचा.

मग आईच्या सूचना थांबल्या. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि कोपरावर रेलून मान उचलली.

"दर साल अशीच दिखस का?" तिनं विचारलं.

"अशीच," वडील म्हणाले.

"मले कोणीच सांगं नै."

आम्ही सगळे दर वर्षी मिरवणुकीत देवीसमोर उलटे चालत गेलो होतो, तिच्याकडे बघत. देवीखाली आई होती. जिच्या डोक्यावर ती बसली होती, तिनंच ती जाताना पाहिली नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नदी आली. काकू कमरेपर्यंत पाण्यात गेली, पाट खाली घेतला. लुगड्याचा काठ भिजून गडद होत गेला. आईची पापणी लवत नव्हती. काकू रिकामा पाट घेऊन वळली तेव्हा आई म्हणाली, "पुढला साल बी पाट तिलेच द्या."

"आनी तू?" वडिलांनी विचारलं.

"मी म्होरे चालसू. उलटी."

"खुब्यामा सळई लिसन?"

"चालसू," आई म्हणाली.