कोकिळाबाईंच्या छातीतला गोळा

रेवदंड्याच्या सुपारीच्या वखारीत कोकिळाबाई बावीस वर्षं सुपाऱ्या सोलत होत्या. पावसाळा सरल्यावर तळातलं पोतं उघडलं की हिरवट धूळ धुरासारखी उठे, भुवयांवर बसे. त्या पदराने तोंड पुसून पुन्हा कामाला लागत.

दहा वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता. गोळ्यांनी तो बरा झाला, पण उजव्या फुफ्फुसात लिंबाएवढी पोकळी राहिली. दुखत नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात राहिली नाही.

गेल्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला, अंग झडलं. एका सकाळी चूळ भरताना मोरीत रक्त पडलं. सून सोनल घाबरली. थुंकी दोनदा तपासली, क्षयाचे जंतू सापडले नाहीत. मग अलिबागच्या डॉक्टर क्षिप्रांनी त्यांचा स्कॅन काढायला लावला, आधी उताणं झोपवून, मग पालथं.

पोकळीत एक करडा गोळा दिसत होता. पहिल्या चित्रात तो पाठीकडे होता, दुसऱ्यात छातीकडे.

"म्हंजे ह्यो आत फिरतोय?"

"बुरशीचा गोळा आहे, मावशी. तुम्ही वळता तसा घरंगळतो. ही बुरशी हवेत, धुळीत सगळीकडेच असते. तुमच्या जुन्या पोकळीत तिला जागा मिळाली. ती विषारी द्रव्यं सोडते, त्यांनी शरीराच्या राखणदार पेशी सुस्तावतात."

"जिता हाय?"

"थोडा जिवंत, थोडा मेलेला."

फुफ्फुसं अशक्त, ऑपरेशन झेपणारं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. दुपारी आडव्या झाल्या की कोकिळाबाई कूस बदलायला भीत. श्वास रोखून ऐकत राहत. आवाज कधीच येत नसे, आणि त्याचंच भय जास्त वाटे.

"माझ्याच श्वासावर जगतंय गो त्ये," त्या सोनलला म्हणाल्या.

सहा महिन्यांनी रक्त थांबलं, वजन चार किलोंनी वाढलं.

"गेला?"

"नाही. पण वाढलाही नाही," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई स्कॅनची फिल्म घेऊन वखारीत गेल्या आणि खिडकीच्या उजेडात धरली. "ह्या धुळीतलंच हाय ह्ये. कुनाला क्षय झाला व्हता, त्यांनी तपासून घ्या."

सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. मालक विश्वंभरने मागचं दार सताड उघडलं. त्यांच्यातली बायजा तेवढी उठून बाहेर जाऊन उभी राहिली. तिलाही क्षय होऊन गेला होता.

पुढच्या आठवड्यात कोकिळाबाई स्वतः तिला अलिबागला घेऊन गेल्या. बायजाच्या फुफ्फुसात दोन पोकळ्या निघाल्या. एक रिकामी होती. दुसरीच्या भिंतीवर बुरशी नुकती धरू लागली होती. तिचं औषध त्याच दिवशी सुरू झालं.