जत्रेतून आणलेली

आमचे मामा आज सकाळी लोह्यात वारले.

माणूस फार विनोदी होता, असं सगळे म्हणतायत. फॅमिली ग्रुपवर 'हसतमुख', 'दिलखुलास' चालू आहे. खरंच आहे ते. त्यांचा सगळ्यात गाजलेला विनोद मी होते.

मी चार-पाच वर्षांची असेन. नांदेडहून आई मला घेऊन माहेरी गेली की ओसरीवर मामांची मैफल भरायची. कुणी पाहुणा आला की मामा मला पुढे ओढायचे.

"ही आमच्या रक्ताची न्हाई बरं का. हिला माळेगावच्या जत्रेतून उचलून आणलंय. रंग बघा की हिचा!"

सगळे खो खो हसायचे. माझी आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची.

आता म्हणाल, यात काय एवढं? प्रत्येक घरात एका तरी पोराला असं म्हणतात. कुणाला बोहारणीकडून घेतलेलं असतं, कुणी दवाखान्यात बदललेलं असतं.

हो, म्हणतात. आणि त्या पोराला ते खरं वाटतं. लहान पोराला गंमत कळत नाही हो. त्याला फक्त वाक्य कळतं.

एका वर्षी मामांनी विनोद पूर्ण केला.

मला खांद्यावर बसवून माळेगावला नेलं. घोडे दाखवले, गोडीशेव घेऊन दिली. मग एका पालापाशी भाकरी खात बसलेल्या अनोळखी नवरा-बायकोसमोर मला खाली उतरवलं.

"घ्या तुमची पोरगी. लई दिवस सांभाळली आम्ही."

आणि पाठ फिरवून चालायला लागले.

ती बाईही हसली. माझा हात धरून म्हणाली, "ये गं बाई, भाकर खा."

मी उभ्या उभ्या फ्रॉक ओला केला.

मामा परत आले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. तेव्हापासून ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला सांगतात. फ्रॉकसकट.

घरी आल्यावर मी आईला म्हणाले, "आई, मला परत देऊ नको. मी लई खात न्हाई."

आई म्हणाली, "येडी का गं तू? मामा गंमत करायलेत."

'तू माझी आहेस' एवढंच म्हणायचं होतं. तिला सुचलं नाही.

मग मी फार गुणी मुलगी झाले. ताटात दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. कशाचा हट्ट केला नाही. कुणी न सांगता भांडी घासली. नातेवाईक आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायचे आणि मामा मिशीला ताव द्यायचे. "बघा, माझ्या मस्करीनं कशी तयार झाली पोरगी! लाडानं बिघडतात पोरं."

आज माझी चाळिशी उलटली. लातूरला स्वतःचं घर आहे. नवरा अजून म्हणतो, "अगं, सोफ्यावर टेकून बस ना. पाहुण्यासारखी काय कडेला बसतेस?"

त्याला काय सांगू? वय वाढतं, पगार वाढतो, त्या पालापाशी उभी असलेली पोरगी वाढत नाही.

गेल्या वर्षी मामांना डिमेन्शिया झाला. आधी रस्ते विसरले, मग माणसं. दिवाळीला मी लोह्याला गेले तेव्हा स्वतःच्याच ओसरीवर बावरून बसले होते.

"हे कुणाचं घर हाय? मला इथं कुणी आणलं?"

त्यांच्या मुलाने, बालाजीने, चिवड्याचा बकाणा भरता भरता सांगितलं, "आबा, तुम्हाला माळेगावच्या जत्रेतून उचलून आणलंय!"

सगळं घर हसलं.

मामा हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पोटच्या पोरापुढे हात जोडले.

"मालक, मला हाकलू नका. मी लई खात न्हाई."

घर आणखी हसलं. वहिनीने व्हिडिओ काढला.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. पेरावं तसं उगवतं, म्हटलं मनात. हातातला चहा थंड होईपर्यंतसुद्धा ते बरं वाटणं टिकलं नाही. ते वाक्य माझं होतं. त्यामागची भीती मला तोंडपाठ होती.

मी जवळ जाऊन बसले. "मामा, हे तुमचंच घर आहे. तुम्ही आमचे आहात."

"खरं सांगता का बाई?"

"खरं."

त्यांनी टोपी घातली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. नंतर जेव्हा जेव्हा गेले तेव्हा हेच. मी कोण, ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

आज मी लोह्याला पोचले तेव्हा अंगणात मामांना आंघोळ घालत होते. बालाजीची धाकटी, आरोही, "आबा, आबा" करत आकांत करत होती.

बालाजी तिच्यावर खेकसला, "गप बस! रडशील तर जत्रेत सोडून येईन."

पोरगी एका क्षणात गप्प झाली.

"किती समजूतदार हाय लेकरू!" बायका म्हणाल्या.

मी तिला उचलून परसात नेलं. म्हटलं, "आरू, तू इथलीच आहेस. तुला कुणी कुठं सोडत नाही. रड."

तिने आधी दाराकडे बघून घेतलं, बाबा येत तर नाहीत ना. मग माझ्या खांद्यावर तोंड दाबून रडली. आवाज न करता. ते तिला या वयात जमायला लागलंय.

मामा, तुम्हाला माफ केलं की नाही, मला अजून माहीत नाही. फार राग आहे तुमचा.

तरी एक सांगते. तिकडे कुणी दारात अडवून विचारलं, "तू कुणाचा रे?", तर हात जोडू नका. आमचं नाव सांगा.

जत्रेतल्या पोरीची तुम्हाला श्रद्धांजली.