नलीला लागलेला ठसका

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी उशाशी बसून सगळं बोलले — मुलांचं, घराचं, माहेरच्या भांडणांचं. हे तेवढं ठेवून दिलं. नलीचं नाव निघालं की मी चहा टाकायला उठायचे. आता तुम्ही समोर बसलायत असं समजून बोलते. जमेल तसं.

नली आणि मी चंदीगडला शेजारणी. दोघींचे नवरे सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत, दोघींची बदलीची बिऱ्हाडं. ती सांगलीची, मी साताऱ्याची. तिकडे आपलं मराठी कानावर पडणं मुश्कील, त्यामुळे आमचं मेतकूट लगेच जमलं. दोघी गायचोही. लग्नाआधी मी तिच्यापेक्षा जास्त शिकलेले — हे मी तिला वरचेवर ऐकवायचे. कशाला ऐकवायचे? तिने कधी नाकारलं होतं का?

सत्तरनंतरची वर्षं ती. हिवाळ्यात तिथल्या बागेत उघड्यावर संगीत संमेलन भरायचं, दुपारच्या उन्हात. एका वर्षी आम्ही दोघींनी हिय्या केला. एका बेकरीवाल्या सरदारजींची जुनी पावाची गाडी भाड्याने घेतली, आत दोन स्टोव्ह मांडले आणि बटाटेवडे तळायला उभ्या राहिलो. सोबत तळून मीठ लावलेल्या हिरव्या मिरच्या. लोक वड्याला पकौडा म्हणायचे आणि मिरच्या मागून मागून न्यायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

गाडीचं मागचं दार नेमकं मंचाकडे उघडायचं. पहिल्याच दिवशी मिरच्यांच्या धुराची खाट तिकडे गेली आणि सतार वाजवणारे गृहस्थ खोकून खोकून बेजार झाले. संयोजक हात जोडत आले. तेव्हा ठरलं — मिरच्या मध्यंतरातच तळायच्या, आणि मंचावर कुणी असेल तर मागचं दार बंद. मीच कबूल केलं होतं. 'आप फिकर मत करो जी,' असं ठसक्यात म्हटलं होतं.

शेवटच्या दिवशी गावातल्या एका कलाकाराला गायला मिळणार होतं. आम्ही दोघींनी नावं दिली. बोलावणं नलीला आलं. रेडिओवरचे कुणी साहेब ऐकायला येणार होते, त्यांना आवडलं तर तिला रेडिओवर गाता येणार होतं. तिला आयुष्यात तेवढं एकच हवं होतं. साडी नाही, दागिना नाही — एकदा रेडिओवर गायचं. मी तिची वेणी घातली, पदराला पिन लावली, 'गाडीचं मी बघते, तू निर्धास्त जा' म्हटलं. आणि मनात सारखं एकच — माझं नाव का नाही? माझ्यात काय कमी होतं?

तिने सूर लावला. काय लागला होता हो! मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. माझा आवाज कधीच तसा लागला नव्हता, लागणारही नव्हता — हे मला तिथे, त्या तेलासमोर, लख्ख कळलं.

एक बाई आल्या, म्हणाल्या, 'भैनजी, मिर्च थोड़ी ज़्यादा देना.' पुढे कितीतरी वर्षं मी मनाशी हेच घोळवलं — गिऱ्हाइकाने मागितल्या, माझा काय दोष? पण मिरच्या मध्यंतरातच तळून ठेवल्या होत्या. थाळी भरलेली होती. त्यातल्या मी त्या बाईंना दिल्या. त्या गेल्या. आणि मग — कुणी मागितलेलं नसताना — मी मूठभर मिरच्या चिरल्या, कढत तेलात टाकल्या, करपू दिल्या. आणि मागचं दार उघडलं.

नलीचा आवाज अडकला. तिने पाणी घेतलं, पुन्हा सूर धरला, पुन्हा ठसका. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोकांना वाटलं, बाई घाबरली. ती नमस्कार करून उतरली. तोवर मी दार लावून घेतलं होतं, करपलेल्या मिरच्या कागदात गुंडाळून फेकून दिल्या होत्या.

ती गाडीत आली. वास होताच, पण त्या गाडीत तो रोजच असायचा. तिने मला विचारलं, 'मंदा, मिरच्या तळल्यास का गं?' माझ्याकडे बघत होती. रागाने नाही — मी हो म्हणावं, अशी आशा होती त्या नजरेत. हो म्हटलं असतं तर निदान तिचा गळा तिच्यापाशी राहिला असता.

मी म्हटलं, 'छे गं. दार बंदच होतं की.' वर तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, 'होतं असं. गाणं सगळ्यांनाच झेपत नाही.'

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तंबोरा गवसणीत गेला. कुणी आग्रह केला की हसून म्हणायची, 'माझा गळा ऐन वेळी दगा देतो.' पुढे पुढे आग्रह करणारेही थांबले.

एवढ्यावरच थांबलं असतं तर... पण नाही. काही वर्षांनी तिची धाकटी, मुक्ता, गाणं शिकायचं म्हणून हटून बसली. तिथेच वाढलेली पोर, मराठी समजायचं पण बोलायची हिंदी. मी वाटी परत द्यायला म्हणून गेले, तर घरात रडारड. नली तिला समजावत होती, 'अगं, आपल्याकडे तो गळाच नाही. चार लोकांत फजिती होते बघ. मी भोगलंय.' आणि मला बघून म्हणाली, 'या मावशीला विचार. ही होती तिथे.'

मुक्ता माझ्याकडे वळली. नाक पुसत म्हणाली, 'मौसी, सच्ची?'

नली शेजारीच उभी होती. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, 'हो गं बाळा. आई खरं सांगतेय.'