चालू वर्गाचं जहाज

आमच्या दादाच्या मालकीची चाळीस अवकाशजहाजं आहेत. सगळी कागदावर, आणि कागद डेपोचे. दादा बस डेपोच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर आहे, म्हणजे फिल्टर, बेल्ट, ब्रेक लायनर आणि नटबोल्ट यांचा राखणदार. जुन्या मागणीपत्रकांचे गठ्ठे रद्दीत निघाले की त्यांची कोरी बाजू याची. पुढच्या बाजूला ‘क्लच प्लेट, नग दोन’ आणि मागच्या बाजूला आकाशगंगा.

गोष्ट अशी, की एका ग्रहावरचं पाणी संपत आलंय आणि तिथली माणसं दुसऱ्या ग्रहावर पोचवायची आहेत. चाळीस जहाजांनी फेऱ्या मारायच्या. एवढं दादाने बावीस वर्षांपूर्वी ठरवलं. मग घोडं अडलं ते अडलंच, कारण ताफ्यातलं मुख्य जहाज, म्हणजे रोज राबणारं, कुठल्या वर्गाचं असावं हे ठरेना. या बावीस वर्षांत माझी भाची शाळेत गेली, शिकली, नोकरीला लागली, लग्न करून मोकळी झाली. त्या ग्रहावरची माणसं मात्र अजून सामान बांधून बसलेली.

वहिनीचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, “अहो, त्या ग्रहाचं पाणी संपलं कारण आपला नळ वर्षभर गळतोय. आधी वायसर आणा, मग माणसं हलवा.” अख्ख्या डेपोला वायसर पुरवणाऱ्या माणसाच्या घरात नळाखाली बादली. बोलणार कोण!

उमेदवार तीन होते. चंद्रकोर वर्ग: लांब, सडपातळ, रुपेरी, बाजूने वळणदार काचा. हे चित्र दादाने पस्तिशीत काढलं आणि त्यानंतर दुसरं कुठलंही त्याला इतकं जमलं नाही. गजराज वर्ग: एका खेपेला पाच हजार माणसं, पण वळायला अर्धा दिवस. आणि तिसरा ठोकळा वर्ग. नाव ऐकून जे डोळ्यांसमोर येतं तेच. बिस्किटाच्या डब्याला चार पाय लावावेत तसा.

मी एका वकिलाकडे टायपिंग करते. दादाचे कागद मीच टाइप करायची, त्यामुळे ‘सदरहू जहाज’ आणि ‘सबब उड्डाण तहकूब’ असले शब्द त्याच्या विश्वात माझ्या बोटांमुळे घुसले. त्याला ते आवडायचे. मला चंद्रकोर आवडायची. ती सगळ्यांनाच आवडायची. माझं म्हणणं होतं, घे चंद्रकोर आणि मोकळा हो. पण आमचा दादा! मान खाली घालून म्हणायचा, “बघू.”

शेवटी मीच आगाऊपणा केला. त्याला न विचारता एक पान एका मासिकाच्या संपादकबाईंना पाठवलं. बाईंचं उत्तर आठवड्यात आलं: भाषा ताजी आहे, वीस तारखेपर्यंत पहिलं प्रकरण पूर्ण करून द्या, दर महिन्याला चार पानं देते. नाही आलं तर ती पानं शब्दकोड्यांना जातील. दादाने पत्र तीनदा वाचलं आणि माझ्यावर दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “चार पानं म्हणाल्या ना त्या?” तेव्हा मला कळलं की या माणसाला आयुष्यात छापून येण्याइतकं दुसरं काहीही नको होतं. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता, आणि दुसरी बाई असं पत्र पाठवेलच याचा काही भरवसा नव्हता.

मग त्याने जहाज निवडलं, पण कसं? कुणी लढाई बघितली असती, कुणी वेग. दादाने तिन्ही जहाजांच्या सुट्या भागांच्या याद्या केल्या. चंद्रकोरीची यादी अकरा कागद झाली, कारण तिच्या एकशेवीस काचांत कुठल्याही दोन काचा सारख्या नव्हत्या. “एवढ्या काचा ठेवायच्या कुठे?” तो मला विचारत होता, जणू उद्या सकाळी टेम्पो दारात येणार. गजराजाचा एकच बोल्ट उचलायला क्रेन लागत होती. ठोकळ्याची यादी दीड कागद. सगळ्या काचा चौकोनी, सगळे बोल्ट एकाच मापाचे, डावीकडचा भाग निकामी झाला तर उजवीकडचा उलटा करून बसतो. नाकापेक्षा मोती जड नको, असं म्हणून त्याने ठोकळ्यावर शिक्का मारला. मग पहिलं प्रकरण लिहून काढलं आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा दिला, ‘ताफ्याचा चालू वर्ग’.

मी तसंच टाइप करून बाईंना पाठवलं. चूक इथे झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते. डेपोत रोज पहाटे फळ्यावर दोन रकाने भरतात, चालू आणि बंद. आमचे वडील तिथेच ड्रायव्हर होते. लहानपणी ताप उतरला की ते आम्हाला बघून म्हणायचे, “झाली का गाडी चालू?” आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक नाही. बाहेरच्या जगात चालू माणूस म्हणजे कोण आणि चालू माल म्हणजे कसा, हे मला चांगलं माहीत होतं, पण टाइप करताना आठवलंच नाही.

बाईंना आठवलं. त्यांनी लिहिलं: ‘प्रकरण आवडलं. पण नायकाचं जहाजच चालू कसं? वाचकाला देखणं जहाज लागतं. यादीतली चंद्रकोर घ्या, लगेच छापते.’

दादाने पत्राची घडी करून खिशात घातली. वहिनी म्हणाली, “घ्या की मग! तुमची लाडकी तर आहे.” मीही म्हटलं. त्याने मान हलवली, तीन दिवस रजा टाकली आणि चंद्रकोर घेऊन प्रकरण पुन्हा लिहायला बसला. तिसऱ्या संध्याकाळी मी कागद घ्यायला गेले, तर तो गळणाऱ्या नळाकडे बघत बसलेला.

“झालं?”

“नाही गं. प्रवासाच्या चौथ्या दिवशी काच तडकली.”

“कुठली?”

“सत्तेचाळिसावी. स्टोअरमध्ये नाहीये. चारशे माणसं मध्येच अडकलीत.”

मला आधी हसू आलं, मग त्याचं तोंड बघून ते विरलं.

वीस तारखेला आम्ही दोघं ठोकळ्याचंच प्रकरण घेऊन बाईंच्या ऑफिसात गेलो. एक खोली, दोन टेबलं, खुर्च्यांवर मासिकांचे गठ्ठे, त्यामुळे दादा उभाच. त्याने ‘चालू’चा खुलासा केला, काचेची अडचण सांगितली. इंजिनाबद्दल बोलावं तसं, एकेक भाग सुटा करून.

बाई हसल्या. “अहो, पण ही माणसं खरी नाहीत ना! ‘काच बसवली’ असं एक वाक्य लिहा, की सुटली.”

दादा म्हणाला, “थांब्यावरची माणसं तरी मला कुठे दिसतात? आमच्या स्टोअरला खिडकी नाही. गाडी बंद राहिली की ती तिथे उभी असतात, एवढं माहीत असतं.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, “मी रोज सात-चाळीसला बागेपासून बस धरते.”

“बारा नंबर,” दादा म्हणाला. “तीन वर्षांत दोनदा बंद. एकदा रेडिएटरचा पाइप फुटला, एकदा पुढची काच. काच दुपारच्या आत बसवून गाडी सोडली.” आणि जरा ओशाळून पुढे म्हणाला, “सपाट होती म्हणून.”

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. दादाला वाटलं, संपलं. त्याने कागद गोळा करायला सुरुवात केली आणि अगदी नम्रपणे सांगितलं, “ती पानं कोड्यांना द्या, बाई. लोकांना कोडीही लागतात.” बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हा माणूस कागदावरच्या चारशे जणांसाठी सोडून निघाला होता. आयुष्यभर मी त्याची थट्टा केली. त्या क्षणी मला त्याचा एवढा अभिमान वाटला की माझे डोळे भरून आले, आणि मी उगाच खुर्चीवरचा गठ्ठा नीट करायला लागले.

“ठेवा ते कागद,” बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं, आमच्या मथळ्यातला ‘ताफ्याचा’ आणि ‘वर्ग’ खोडला, आणि ‘चालू’ तेवढं ठेवलं. “हेच नाव राहू दे. पुढचं प्रकरण पुढच्या वीसला.”

गंगेत घोडं न्हालं! जिना उतरताना मी बडबडत होते. वहिनीला आधी कोण सांगणार, पहिला अंक कुणाला द्यायचा. दादा कठडा धरून मागे. रस्त्यावर आल्यावर बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

“काय झालं रे? छापतायत ना त्या!”

“तेच गं,” तो म्हणाला. “जहाज ठरत नव्हतं, तोवर बरं होतं. आता ती माणसं जहाजात बसणार आणि माझ्याकडे बघणार.”