मरळाची टाकी

ज्यांचं नावही कधी विचारलं नाही त्यांच्यावर लिहितोय, चुकलं तर माफ करा.

अकरावीत खारेपाटणला एसटीची वाट बघताना मी चाचांच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात थांबायचो. मरळ हा गोड्या पाण्यातला मासा पाळायला त्यांनी काचेची टाकी आणली होती. चाचा मूळचे बंदरावरचे, त्या सवयीने आधी समुद्राची वाळू घालून पाण्यातली झाडं लावली, तर ती खाऱ्याने कुजली. मग नदीची वाळू धुऊन पुन्हा झाडं लावली आणि दोन महिने नुसतं पाणी बघत बसले.

"मासो खंय, चाचा?" मी विचारायचो.

"आदी झाडांका मुळां फुटांदेत, नायतर तो सगळी उपटून टाकतलो. तुमका कॉलेजवाल्यांका सगळा आजच होया!"

पुढे मरळ आला. चाचा त्याला हाताने कोळंबी भरवत. कोणी जिवंत मासा टाकायला सांगितलं, तर म्हणत, "हो काय तमाशो नाय."

यंदा पुराचं पाणी दुकानात शिरलं. लोक मोटरी उचलत होते, तेव्हा मासा कोंडून मरू नये म्हणून चाचांनी टाकीचं झाकण काढलं. एवढंच मला हॉस्टेलवर कळलं. पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

काल भावाचा फोन आला. मरळ पुराच्या पाण्याबरोबर निघून गेला. चाचांनी पुन्हा वाळू धुऊन झाडं लावली आहेत आणि मुळं फुटायची वाट बघतायत.